जाड सोलचे चार सेंटिमीटर आणि भरतीची मोजपट्टी
खास प्रतिनिधी

सालेकसा (जि. गोंदिया) : माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत देशाच्या अनेक राज्यांतून गोंड समाजाचे भाविक एकत्र येतात. हावडा-मुंबई मार्गावरील दरेकसा स्थानकात उतरायचे, धनेगाव गाठायचे आणि तेथून जंगलातील दगडगोट्यांची वाट चढत गुहेपर्यंत जायचे, असा हा क्रम आहे. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार यांनी या गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका केली, अशी श्रद्धा असल्याने कोया पुनेम मानणाऱ्यांसाठी हे मूळस्थान आहे. पिढ्यान् पिढ्या अनवाणी किंवा साध्या चपलेने चढलेल्या अशा वाटांवर आता तरुणांच्या पायांत जाड, फुगीर सोलचे स्नीकर दिसू लागले आहेत. शहरातील महाविद्यालयात जी फॅशन, तीच तालुक्याच्या बाजारात, एवढाच याचा अर्थ काढून पुढे जाता आले असते. परंतु या बुटांमागे आणखी एक आकर्षण आहे, आणि पूर्व विदर्भात ते केवळ शोभेपुरते राहत नाही. हे बूट घालणारा उंच दिसतो. ज्या भागात बारावी झालेल्या मुलासमोर पोलीस, वनखाते आणि निमलष्करी दले हेच नोकरीचे मोठे दरवाजे आहेत, तेथे उंचीचा एकेक सेंटिमीटर मोलाचा असतो.

म्हणून प्रश्न साधा असला तरी तो नीट विचारायला हवा. जाड सोलच्या बुटाने माणूस नेमका किती उंच होतो?

दुकानात बूट हातात घेतला की बाहेरून सोलची कड चांगली पाच-सहा सेंटिमीटर भरते. प्रत्यक्षात पाय त्या कडेच्या वरच्या टोकावर नसतो. अनेक बुटांत सोल वाटीसारखा असतो. त्याच्या भिंती वर आलेल्या असतात आणि पाय आत, बराच खाली बसतो. बाहेरून पाच सेंटिमीटर दिसणारा सोल टाचेखाली साडेतीन-चार सेंटिमीटरच असतो, असे सर्रास आढळते. खात्री करून घेण्याची रीत घरगुती आहे. एक पट्टी बुटाच्या बाहेरून जमिनीवर उभी धरावी, दुसरी आतून टाचेच्या जागी उभी करावी आणि बुटाच्या वरच्या काठाशी दोन्हींची मापे घ्यावीत. त्यांतील फरक म्हणजे टाचेखालची खरी जाडी.

एवढ्यानेही हिशेब पुरा होत नाही. टाच जितकी उचलली जाते तितकीच उंची वाढते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. शरीराचा भार घोट्यावरून खाली येतो आणि घोटा टाचेच्या अगदी वर नसून किंचित पुढे, टाचेपासून चवड्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण पाव भागावर असतो. त्यामुळे टाचेखाली पाच आणि चवड्याखाली तीन सेंटिमीटर जाडी असेल, तर मिळणारी वाढ पाचऐवजी साडेचारच्या आसपास भरते. उंच टाचेच्या सँडलपेक्षा सलग जाड सोलचा बूट फायद्याचा ठरतो तो याच कारणाने. त्यात चवडाही उचलला जातो. शिवाय सोल मऊ फोमचा असेल तर वजनाखाली तो काही मिलिमीटर दबतो आणि काही महिन्यांच्या वापरानंतर ती दाब कायमचीच होते.

सर्वांत मोठी वजावट मात्र कोणी करीतच नाही. आपण ज्यांच्याशेजारी उभे राहतो, तेही अनवाणी नसतात. साधी रबरी चप्पल एक-दीड सेंटिमीटर देते, कॅनव्हासचा बूट दोन-अडीच, धावण्याचा बूट तीन किंवा त्याहून थोडा अधिक. जाड सोलच्या स्नीकरने चार-साडेचार मिळाले, तरी साध्या बुटातील मित्राच्या तुलनेत हाती उरतात ते दोन सेंटिमीटर. बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी. मित्रानेही तसेच बूट घेतले की तेही संपले.

ही फॅशन नवी नाही. सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या श्रीमंत स्त्रिया ‘चोपिन’ नावाची, चौरंगासारख्या उंच तळाची पादत्राणे घालीत. १९७० च्या दशकात जाड सोल पुरुषांच्याही पायांत आले आणि आपल्याकडे बेलबॉटमखाली ते ऐटीत मिरवले गेले. १९९० च्या दशकात ‘स्पाइस गर्ल्स’ या गायिकांनी प्लॅटफॉर्म स्नीकर पुन्हा लोकप्रिय केले. आताच्या लाटेचा उगम २०१७ साली बालेन्सियागा या कंपनीने आणलेल्या ‘ट्रिपल एस’ या बुटात शोधला जातो. त्यात तीन सोल एकावर एक रचल्याचा आभास होता. त्याची किंमत आपल्याकडच्या दुचाकीच्या किमतीशी तुलना व्हावी अशी होती. त्याच घाटाची स्वस्त आवृत्ती आज आठवडी बाजारात काही शे रुपयांना मिळते. आपल्याकडील मूळ चामडी पायताण, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल, उंचीच्या बाबतीत अगदीच निरिच्छ आहे, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

सोलच्या जाडीचा प्रश्न मैदानावर आला तेव्हा मात्र तो फॅशनचा राहिला नाही. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी सोलची कमाल जाडी ४० मिलिमीटर ठरवली. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा पहिला आला, पण त्याच्या बुटाचा सोल ५० मिलिमीटरचा निघाल्याने त्याला बाद करण्यात आले. एका सेंटिमीटरने मॅरेथॉनचे विजेतेपद गेले. नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरील शर्यतींसाठी ही मर्यादा २० मिलिमीटर आहे. तेथे आक्षेप उंचीला नव्हता. जाड फोम आणि त्यातील कडक पट्टी धावपटूला उसळी देतात, याला होता.

आपल्याकडील भरतीत याच्या नेमके उलट आहे. तेथे बुटाला काही स्थानच नाही. उंची अनवाणी मोजतात. टाचा जुळवून, पाठ व टाचा दांड्याला टेकवून, नजर समोर आणि कानाचे छिद्र व डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत, अशी उभे राहण्याची पद्धत ठरलेली आहे. वरून येणारी पट्टी केस दाबून टाळूला टेकते आणि आकडा लिहिला जातो. पात्रता येथेच ठरते. पुढची १६०० मीटर किंवा महिलांसाठी ८०० मीटर धाव, १०० मीटर धाव, गोळाफेक हे सारे त्यानंतर.

आणि येथेच बुटातील चार सेंटिमीटर घात करतात. घरच्या भिंतीला टेकून, पायांतले न काढता, शाळेची पट्टी डोक्यावर ठेवून काढलेली खूण अनेकांच्या मनात पक्की बसते. गावात सगळे ‘उंचापुरा’ म्हणतात. त्या भरवशावर अकॅडमीचे शुल्क भरले जाते, खोली भाड्याने घेतली जाते, वर्ष-दोन वर्षे पहाटे उठून धावले जाते. मग मोजणीच्या दिवशी १६८ चे १६४ होतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांची सर्वसाधारण किमान उंची १६५ सेंटिमीटर, महिलांची १५५ आहे. राज्य राखीव पोलीस दलासाठी १६८. एका सेंटिमीटरने बाहेर पडलेल्या मुलाची धाव कोणी पाहत नाही.

या निराशेतून काय काय होते, याची उदाहरणे वृत्तपत्रांतून आली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातील महबूबनगर येथे पोलीस भरतीच्या मोजणीत एका तरुणीने केसांखाली टाळूवर एम-सीलचा गोळा चिकटवल्याचे उघड झाले आणि तिला अपात्र ठरवण्यात आले. हा प्रकार हास्यास्पद वाटेल. मोजणाऱ्याची फसवणूक झाली हे खरेच. परंतु त्या एका सेंटिमीटरवर घरातील किती जणांचे डोळे लागलेले असतील, याचाही विचार हसण्याआधी व्हायला हवा.

मोजपट्टीही सर्वत्र एक नाही. वनरक्षक पदासाठी पुरुषांची किमान उंची १६३ सेंटिमीटर आहे. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी मात्र १५२.५. महिलांसाठी हेच आकडे १५० आणि १४५ असे आहेत. केंद्रीय सशस्त्र दलांच्या शिपाई भरतीत पुरुषांसाठी १७० आणि महिलांसाठी १५७ हा निकष असून अनुसूचित जमातींसाठी तो १६२.५ आणि १५० असा उतरतो. नक्षल प्रभावित जिल्ह्यांतील अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना त्याहून सवलत, म्हणजे पुरुषांना १६० आणि महिलांना १४७.५, अशी तरतूद आहे. गोंदिया जिल्हा दीर्घकाळ त्या यादीत राहिला. पण यादी वेळोवेळी बदलते, त्यामुळे जाहिरात वाचल्याशिवाय काहीही गृहीत धरू नये. राज्य पोलिसांतही काही प्रवर्गांना जाहिरातीनुसार शिथिलता मिळते.

याचा अर्थ असा की, सालेकसा तालुक्यातील १६१ सेंटिमीटर उंचीचा गोंड तरुण वनखात्याच्या लेखी पुरेसा उंच आहे, केंद्राच्या दलांत यादीनुसार बसेल किंवा बसणार नाही, आणि राज्य पोलिसांच्या सर्वसाधारण निकषात चार सेंटिमीटर कमी आहे. जंगल तेच, चढण तीच. वनखात्याने साडेदहा सेंटिमीटरची सवलत देऊनही जंगलराखणीत काही अडत नसेल, तर इतर निकष कोणत्या गरजेतून ठरले आहेत, हे सरकारने कधीतरी सांगायला हवे. गर्दी आवरण्यासाठी उंची लागते, हा युक्तिवाद मुंबईच्या रस्त्यावर पटू शकतो. दरेकसाच्या डोंगरात त्याला फारसा अर्थ नाही.

उंची कमी का राहते, या प्रश्नाकडे वळल्याखेरीज ही चर्चा अपुरी आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे निर्विवाद. परंतु आईचे गरोदरपणातील पोषण आणि मुलाची पहिली दोन वर्षे यांचा वाटाही कमी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ३४.४ टक्के होते. याच काळात देशाची सरासरी ३८.४ वरून ३५.५ टक्क्यांवर उतरली. प्रगत म्हणवणारे आपले राज्य मात्र किंचित मागे सरकले. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या वर्षांत जन्मलेली मुले २०३० च्या दशकात भरतीच्या दांड्याखाली उभी राहतील, तेव्हा त्या ताटाचा हिशेब सेंटिमीटरमध्ये दिसेल.

आज विशीत असलेल्यांसाठी मात्र ती वेळ गेली आहे. किशोरवयाच्या अखेरीस लांब हाडांच्या टोकांची वाढपट्टी बंद होते. त्यानंतर कोणतीही पावडर, गोळी वा लोंबकळण्याचा व्यायाम हाड लांब करीत नाही. तरीही भिंतीभिंतींवर ‘उंची वाढवा’च्या जाहिराती असतात आणि त्यांचे गिऱ्हाईक बव्हंशी भरतीचीच मुले असतात. निसर्ग देतो ती सवलत वेगळीच आणि फुकट आहे. मणक्यांमधील चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात, त्यामुळे सकाळी उठल्यावरची उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटरने, काहींची त्याहून थोडी अधिक असते. घट होते ती बहुतांश उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच. ज्याची उंची अगदी सीमेवर आहे, त्याच्यासाठी मोजणीचा क्रमांक सकाळी लागणे आणि दुपारी लागणे यांत पात्रतेचे अंतर असू शकते. निकष मिलिमीटरपर्यंत काटेकोर आणि मोजणीची वेळ मात्र नशिबावर, ही विसंगती भरती यंत्रणेने मनावर घेतल्याचे दिसत नाही.

चढणीचे म्हणाल, तर कचारगडच्या वाटेवर हे बूट सोयीचे नाहीत. पाय जमिनीपासून जितका उंच, तितका घोटा मुरगळण्याचा धोका अधिक. दगडाचा कल जाड सोलमधून पायाला कळतच नाही. स्वस्त बुटांतील पीव्हीसीचा सोल जड असतो. पॉलियुरेथेनचा सोल हलका, पण दमट हवेत तो आतून कुजतो. दोन-तीन पावसाळे कपाटात ठेवलेला बूट एके दिवशी पायातच भुगा होतो. उतरताना तर पातळ, खाचांच्या सोलचा साधा बूटच बरा.

ज्यांना अर्ज भरायचा आहे, त्यांनी आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन अनवाणी, शक्यतो दुपारी, उंची मोजून घ्यावी. दुपारी मोजलेला आकडा निकषात बसला, तर सकाळचाही बसेल. दांडा सरळ भिंतीला आहे ना आणि पट्टी काटकोनात येते ना, एवढे पाहावे, तीनदा मोजावे आणि मधला आकडा खरा मानावा. अकॅडमीचे पैसे त्यानंतर भरावेत.