एंटर एकदाच दाबलं होतं

मामांच्या मेडिकलसाठी बिलाचा प्रोग्रॅम मीच लिहून दिलाय. घरचं काम, त्यामुळे फुकटात! औषधाच्या नावाची पहिली अक्षरं टाइप केली की खाली यादी उघडते. मी भलताच खूश होतो. मग एक दिवस मामांचा फोन.

"अरे, 'मेट' लिहून एंटर मारलं, ते पण एकदाच. मला मेट्रोनिडॅझोल हवं होतं, बिलात मेटफॉर्मिन जाऊन बसलं!"

एक जंतुसंसर्गावरचं औषध, दुसरं मधुमेहाचं. मामांनी बिल वाचून पाहिलं म्हणून निभावलं. आणि मी काय म्हणालो? "मामा, स्क्रीनकडे नीट बघत जा ना." आता आठवलं की लाज वाटते.

कारण चूक माझीच होती. एक कळ दाबली की प्रोग्रॅमला निरोप येतात: कळ खाली गेली (कीडाउन), अक्षर आलं (कीप्रेस), कळ सुटली (कीअप). यादीने एंटरचं कीडाउन ऐकलं, पहिलं नाव उचललं आणि ती मिटली. 'बिलात टाका' हे काम मी कीअपवर ठेवलं होतं. त्याने पाहिलं, यादी तर बंद आहे, म्हणजे पुढे जायला हरकत नाही! एकाच एंटरचे दोन अर्थ लागले. कीडाउन 'हाताळलं' असं सांगितलं तरी कीअप यायचं थांबत नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

बॅकस्पेसचीही तीच तऱ्हा. प्रोग्रॅमने पुरं केलेलं नाव खोडावं, तर मजकूर बदलला म्हणून तो पुन्हा तेच भरतो. खोडणाऱ्या कळा कीडाउनलाच ओळखाव्या लागतात. डिलीटचं तर कीप्रेस येतच नाही.

माझं मत विचाराल तर यादीने फक्त सुचवावं. खालचा बाण दाबल्याशिवाय एकही नाव आपणहून निवडलेलं नसावं. यादी उघडी असताना एंटर फक्त यादीचं. पुढे जायला कळ सोडून पुन्हा दाबायची. काही मित्र म्हणतात, याने कामाचा वेग कमी होतो. होऊ दे की! काउंटरपलीकडे आजारी माणूस उभा असतो.

तसे बदल करून दिलेत. दोनदा एंटर मारावं लागतं म्हणून मामा अधूनमधून कुरकुरतात. मी निमूट ऐकून घेतो.

असो.