संशयाला रकाना नाही

सिरुसेरीच्या आयटी पार्कात काम करणारी आणि आसपास भाड्याने राहणारी आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे. बहुतेक नगर जिल्ह्यातली, पणजोबांच्या पिढीत महारवाड्या-मांगवाड्यातून मंडळीत आलेली. दर रविवारी उपासना, मधल्या वारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. मी जात नाही. देव आहे असे मला वाटत नाही, हे पाळकांना सरळ सांगितले आहे. तेव्हापासून प्रत्येक प्रार्थनेत माझे नाव येते म्हणे.

मंडळीची नाराजी मला समजते. गावाने विहिरीवर येऊ दिले नाही तेव्हा मिशनने माझ्या पणजीच्या हातात पाटी दिली. त्या घरातल्या पोराने 'देव नाही' म्हणावे, हा कृतघ्नपणा वाटणारच. मी पाटीचा ऋणी आहे. पण त्या ऋणापोटी श्रद्धा ठेवता येत नाही.

शिवाय 'प्रश्न नको, विश्वास ठेव' हेच उत्तर जातीच्या प्रश्नालाही मिळत आले आहे. याच तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर कब्रस्तानात दलित कॅथलिकांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत आहे. एरैयूरच्या दलित कॅथलिकांनी स्वतंत्र पॅरिश मागितला, त्यातून 2008 साली दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे कॅथलिक बिशप परिषदेने 2016च्या दलित धोरणात मान्य केले. बाबासाहेबांनी ते कितीतरी आधी लिहून ठेवले होते. (जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा थॉमस हाच परंपरेने या चेन्नईचा प्रेषित. हे मी पाळकांना म्हणालो, ते हसले.)

सरकारचा कारभार याहून अजब. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना. पुढे 1956मध्ये शीख, 1990मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेर. माझा एक पेरियारवादी सहकारी देव मानत नाही, पण त्याचा दाखला शाबूत आहे. कायदा त्याला हिंदू धरतो, श्रद्धा तपासत नाही. माझी मात्र तपासतो. 2015च्या के. पी. मनू निकालात तीन अटी आहेत: मूळ जातीचा पुरावा, मूळ धर्मात परत येणे आणि त्या जातीने स्वीकारणे. नोव्हेंबर 2024च्या सेल्वराणी निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, खरी श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलणे ही संविधानाची फसवणूक. म्हणजे हिंदू झालो म्हटले तर फसवणूक, आणि काहीच मानत नाही म्हटले तर दाखला नाही. प्रश्न नुसत्या नोकरीचा नाही. ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही या दर्जासोबतच येते. जात मात्र, आडनाव ऐकून घर नाकारणाऱ्याला, माझा धर्म न विचारताच कळते.

मामा म्हणतात, बौद्ध हो. तो मार्ग मला जवळचा आहे, पण दाखल्यासाठी धम्म घ्यायचा हे बाबासाहेबांच्याही पचनी पडले नसते.

10 ऑगस्ट, म्हणजे त्या आदेशाचा दिवस, दलित ख्रिस्ती काळा दिवस म्हणून पाळतात. मीही काळी फीत लावतो, घोषणा देतो. तमिळनाडू विधानसभेने 2023 साली दलित ख्रिस्तींना हा दर्जा द्यावा असा ठराव केला, त्याचा मला आनंदच आहे. माझी मागणी एका ओळीने मोठी आहे: दर्जा जातीवरून ठरवा, धर्माची अटच काढा, म्हणजे ख्रिस्ती घरात जन्मून धर्म न मानणाराही त्यात येईल. ही ओळ मंडळीच्या निवेदनात घाला, असे यंदा पाळकांना लिहून दिले आहे. वडीलजनांच्या बैठकीत ठेवतो म्हणाले.