बघा जुलैची शर्यत, घ्या एप्रिलची सायकल

मृग लागला की अमरावतीजवळच्या भातकुलीतला बाप आभाळाकडे पाहतो आणि पोरगा मोबाइलकडे. यंदा 4 जुलैला टूर द फ्रान्स बार्सिलोनातून सुटतेय, 26 जुलैला पॅरिसला संपतेय, आणि शेवटच्या आठवड्यात आल्प द्युएझचा घाट लागोपाठ दोन दिवस चढायचा आहे. तीन आठवडे रोज संध्याकाळी आमची पोरं त्या पडद्याला डोळे लावून बसतील. तेवढ्यात कॉलेजं उघडलेली, घरात सायकलीचा विषय निघालेला. मग मला फोटो यायला लागतात. ‘भाऊ, हे घेऊ का?’ फोटोत हमखास कार्बनची फ्रेम, खोल कडांची रिम आणि करंगळीएवढा टायर.

मी टूरचा शौकीन आहे. पोगाचारने 2025 साली चौथ्यांदा ती जिंकली, ते टप्पे मी जेवण थंड होऊ देऊन पाहिले. पण आल्प्स पाहून सायकल घेणाऱ्याला मी आडवाच जातो. ज्याला व्यावसायिक शर्यतींतून खरेदीची अक्कल घ्यायची असेल, त्याने जुलैची नाही, एप्रिलची शर्यत पाहावी. पॅरिस-रुबे. 1896 पासून चालत आलेली, एका दिवसाची, सुमारे 260 किलोमीटरची. त्यातले 55 किलोमीटर शेतांमधल्या ओबडधोबड दगडी वाटांवरून. जिंकणाऱ्याला करंडक म्हणून त्याच रस्त्याचा एक दगड देतात. वाटेत लागणाऱ्या आरेनबेर्गच्या जंगलातल्या दगडांमध्ये गवत माजतं म्हणून 2024 साली आयोजकांनी तिथे चक्क बकऱ्या सोडल्या होत्या. हे वाचलं तेव्हा मला फ्रान्स पहिल्यांदा आपलं वाटलं.

रुबेची गोष्ट अशी की तिथे रस्ता बदलत नाही, म्हणून सायकल बदलावी लागते. बाकी ठिकाणी बहुधा उलटं असतं. या जानेवारीत पुण्यात झालेली ग्रँड टूर आठवा. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या भाषेत 2.2 दर्जाची. पहिला दोन म्हणजे अनेक दिवसांची शर्यत, दुसरा दोन म्हणजे तिचा वर्ग. भारतात या दर्जाची टप्प्याटप्प्यांची शर्यत ही पहिलीच. एक छोटी सलामी आणि चार टप्पे मिळून 437 किलोमीटर, मुळशी-मावळापासून बारामतीपर्यंत. महाराष्ट्रात असं काही होईल हे दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. पण त्या शर्यतीआधी त्या वाटांवरचं डांबर नव्यानं अंथरलं गेलं. शर्यत सुरळीत व्हायची तर ते लागणारच. आपल्याकडे दर्यापूरच्या वाटेवर ते कोणी अंथरून ठेवलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

आपला रस्ता कसा आहे ते एकदा नीट पाहू. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर कितीही चोख डांबर टाका, दोन-तीन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात, कडा खचतात, मधे लांब भेगा पडतात. चारचाकीत पोट ढवळतं. सायकलवर मनगटं आणि कंबर बोलते. अपवाद महामार्गाचा. अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना या भागात जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग टाकून गिनीज विक्रम झाला. तो रस्ता आजही सायकलवाल्यांचा लाडका आहे. मात्र तिथे ट्रकही तितकेच लाडके, आणि कडेच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल ही रोजचीच. बाकी आपली सगळी दौड गावरस्त्यांवर.

म्हणून टायर. सायकलीत एकच गोष्ट पाहून घ्यायची असेल तर फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो ते पाहा. पंधरा वर्षांपूर्वी व्यावसायिक स्वार 23 मिलिमीटरच्या टायरवर, दगडासारखी हवा भरून पळत. आज तेच लोक गुळगुळीत रस्त्यावरसुद्धा 28 ते 30 वापरतात, रुबेला 32 आणि त्याहून जास्त. मोजून पाहिल्यावर त्यांना कळलं की खडबडीत रस्त्यावर टणक टायर उसळतो आणि प्रत्येक उसळीत पुढे न्यायची ताकद वाया जाते. थोडा मऊ टायर खडा गिळून घेतो. वऱ्हाडात 32 बसेल अशीच फ्रेम घ्या. सत्तर किलोच्या माणसाला एवढ्या रुंद टायरमध्ये साठच्या आत-बाहेर पीएसआय हवा पुरते.

हे आमच्या पंक्चरवाल्या काकांना पटवणं हा वेगळाच घाट आहे. ते अंगठ्यानं टायर दाबतात आणि मान हलवतात. ‘हवा कमी हाये बाप्पा, ट्यूब कटंन.’ त्यांचंही खोटं नाही; त्यांनी आयुष्यभर कॅरिअरवर दोन पोती लादलेल्या सायकलींत हवा मारली आहे. वर आणखी अडचण अशी की या सायकलींचा प्रेस्टा व्हॉल्व्ह त्यांच्या कॉम्प्रेसरच्या नळीला बसतच नाही. वीस-तीस रुपयांची एक पितळी टोपी मिळते, ती व्हॉल्व्हवर फिरवली की कुठेही हवा भरता येते. ती सीटखालच्या पिशवीत नसेल तर तुमची लाखाची सायकल आष्टीच्या फाट्यावर ढकलत आणायची.

ट्यूबलेस घेऊ का, असंही विचारतात. आपल्याकडे गोखरू आणि बाभळीचे काटे भरपूर, त्यामुळे आतल्या चिकाने आपोआप बुजणारं भोक ही कल्पना मोहाची आहे. पण मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा तो चीक टायरच्या आत लवकर सुकतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. दर महिन्याला उघडून पाहणार असाल तर घ्या. नाहीतर साधी ट्यूब, दोन जादा ट्यूब आणि हाताचा पंप.

आता पावसाळा. काळ्या मातीचा गारा काय चीज आहे हे बैलगाडीवाल्याला विचारा. रिमवर चिमटा घेणारे जुने ब्रेक असले की टायर आणि ब्रेकच्या मधल्या फटीत गारा अडकतो, वाळतो आणि चाक फिरायचंच थांबतं. डिस्क ब्रेक इथे चैनीचे नाहीत, गरजेचे आहेत. त्यातही तारेने ओढले जाणारे घ्या, तेलावर चालणारे नको. तार तुटली तर बडनेऱ्यालाही बदलून मिळते. आणि धुताना जपा. आपण खारपाणपट्ट्यात राहतो. बोअरच्या पाण्याने सायकल धुऊन उन्हात ठेवली की पांढरा थर उरतो, आणि चेन, नट-बोल्ट, तारांची टोकं यांना हळूहळू गंज धरतो. ओल्या फडक्याने पुसा, चेन कोरडी करा, दोन थेंब तेल. पाण्याचा फवारा मारूच नका.

वजनाचा विषय काढल्याशिवाय दुकानदार सोडत नाही. शर्यतीच्या सायकलीचं वजन 6.8 किलोपेक्षा कमी नको असा नियम आहे, आणि पोरांना तो आकडा पाठ असतो. हिशेब करून पाहू. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायचं म्हणजे सात-साडेसातशे मीटर उंची. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले आणि सायकल दोन किलोंनी हलकी घेतली, तर सव्वा तासाच्या चढात जेमतेम दोन मिनिटं वाचतात. त्या दोन किलोंची किंमत तुमच्या घरातल्या एका म्हशीएवढी. आणि चिखलदऱ्याला आपण महिन्यातून किती वेळा जातो? सपाटीवर तर वजनाचा प्रश्नच नाही. तिथे ताकद खाते ती हवा.

चढासाठी वजन नाही, गिअर पाहा. मागच्या कॅसेटचं सगळ्यात मोठं चाक 34 दात्यांचं आणि पुढचं लहान चाकही 34 चं, असं असलं की पायडलच्या एका फेरीला सायकलचं चाक एकदाच फिरतं. मिनिटाला सत्तर वेळा पाय फिरवत तुम्ही तासाला नऊ किलोमीटरच्या आसपास, श्वास न तुटता चढता. साध्या काळ्या सायकलीचं पुढचं चाक साधारण 44 दात्यांचं, मागचं 18 चं. त्याच लयीत पाय फिरवायचे तर तिच्यावर ताशी बावीस-तेवीसने घाट चढावा लागेल. ते पोगाचारला जमतं. शिमानो कंपनीचा गिअरचा कुठला गट, क्लॅरिस की सोरा की टियाग्रा, यावर पोरं तासन्‌तास भांडतात. मी म्हणतो, दाते मोजा आणि घरी चला.

आपल्याकडे घाट नाही म्हणून सराव होत नाही, ही तक्रार मला मान्य नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 साली रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण करून आले, बारा दिवसांच्या मुदतीत. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही केली. त्याआधी 2015 मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी दोघांच्या संघात. समर्थ पुढच्याच वर्षी रशियात ट्रान्स-सायबेरियन शर्यत, नऊ हजार किलोमीटरच्या वर, संपवून आले. विदर्भातल्या सपाट रस्त्यावर न थांबता तासन्‌तास पाय चालवणं हाही घाटच आहे. फक्त तो फोटोत दिसत नाही.

शिवाय आपल्याकडे वारा आहे. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो, आणि अमरावती आपल्या पूर्वेला. सकाळी तिकडे जाताना प्रत्येक जण चॅम्पियन असतो. परतताना ते पंधरा-सोळा किलोमीटर डोकं खाली घालून, हँडल खालून धरून यायचे. तिघं-चौघं असाल तर पाळीपाळीने पुढे राहा; मागच्याची मेहनत कितीतरी कमी होते. टूरमधले संघ नेमकं हेच करत असतात आणि पाहणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये.

ऊन हा तिसरा गुरुजी, पण खडूस. नॉर्वेत लिलेहामरच्या संशोधकांनी निष्णात सायकलपटूंना काही आठवडे मुद्दाम उष्णतेत सराव करायला लावला, तेव्हा त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं. आता मोठे संघ घरातल्या ट्रेनरवर गरम कपडे घालून घाम गाळतात. जे ते पैसे मोजून मिळवतात ते आपल्याला अकोल्याच्या वाटेवर फुकट मिळतं, असं म्हणायचा मोह होतो. पण त्यांची उष्णता मोजून-मापून, डॉक्टर शेजारी ठेवून असते. आपल्याकडे ऊन बंद करायचं बटण नाही. एप्रिल-मेमध्ये पाचला निघा, आठच्या आत घरी या. कोणी दुपारी सराव करतो म्हणाला तर त्याच्या घरी कळवा.

खाण्यात मात्र व्यावसायिकांची सरळ नक्कल करावी. ते आता तासाला 90 ते 120 ग्रॅम कर्बोदकं खातात. आपल्याला दोन तासांपेक्षा लांबच्या दौडीत पन्नास-साठ पुरे. पाऊण लिटरच्या बाटलीत पन्नास ग्रॅम साखर, लिंबू, चिमूटभर मीठ, खिशात केळी. परदेशी जेलच्या पुड्यांत जे असतं तेही शेवटी साखरेचंच कूळ. नुसत्या ओआरएसवर लांब जाऊ नका, त्यात मीठ पुरतं पण इंधन थोडं असतं. मधुमेह असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच. आणि पाणी घरून न्या; वाटेतल्या हातपंपाचं पाणी आपल्या भागात बहुतेक ठिकाणी खारं.

पैशांचं बोलू. साठ हजार खिशात असतील तर पंचेचाळीसची अॅल्युमिनियम फ्रेमची सायकल घ्या. सायकलवरचा जीएसटी गेल्या सप्टेंबरात 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्कं बिल मागा. उरलेल्यात हेल्मेट, गादीची चड्डी (लाजू नका, तिच्याशिवाय पन्नास किलोमीटर होत नाहीत), पंप आणि ट्यूब. पॉवर मीटर नको. ताकद वॅटमध्ये मोजणारं ते यंत्र नोकरीने सायकल चालवणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही गावापासून एका ठरलेल्या मैलाच्या दगडापर्यंतचा वेळ आठवड्यातून एकदा लिहून ठेवा. मुलीसाठी घेत असाल तर लेडीज मॉडेल म्हणून गुलाबी रंग विकतात त्याला भुलू नका, फ्रेमचं माप पाहा. पोलीन फेराँ-प्रेव्होने 2025 साली महिलांची रुबे आणि महिलांची टूर दोन्ही जिंकल्या, ते मापाच्या सायकलीवर.

आणि सगळ्यात आधी, सायकल पसंत करायच्याही आधी, मागचा लाल दिवा घ्या, लुकलुकणारा, दिवसाही दिसेल असा. पहाटे पाचला या रस्त्यावर बिनदिव्याची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर असतो, त्यामागे झोप न झालेला ट्रकवाला असतो, आणि त्या दोघांच्या मधे तुम्ही असता.

— वाटसरू, भातकुली