पडद्यामागचे शिक्षण

गेल्या आठवड्यात आंबीला एका घरी जाणे झाले. घरधनी औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर, आई चार घरचा स्वयंपाक करते. 'जयभीम' झाला, चहा पुढे आला आणि बापाने विषय काढला. "आमची पोरगी बारावी पास झाली. गावातच इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तर म्हणते सिनेमा-टीव्हीचं शिकायचंय. आता तुम्हीच काय ते सांगा." आईने सरळच म्हटले, "नाचगाण्यावर कुणाचं पोट भरलंय?" मुलगी दाराशी उभी होती. बोलली नाही, पण हललीही नाही.

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. आईबापाची काळजी खोटी नाही. या धंद्यात कायमची नोकरी थोड्यांनाच मिळते. काम संपले की पगार संपला, पुढचे काम मिळेपर्यंत घरी बसणे आले. ज्याच्या घरी शेतजमीन नाही, शिल्लक नाही, त्याला हे परवडत नाही.

पण पडद्यावर नाचणारा एक असतो, तेव्हा पडद्यामागे शंभर हात राबत असतात. कॅमेरा, ध्वनी, संकलन, पटकथा, वेशभूषा, नेपथ्य, हिशेब, ही सगळी शिकून करायची कामे आहेत. आपल्या मावळात शूटिंगच्या गाड्या नेहमीच येतात. 'बिग बॉस'चे घर अनेक वर्षे लोणावळ्यातच होते. काम दाराशी येते. पण शिक्षण नसेल तर आपल्या वाट्याला पहारा आणि भांडी घासणेच उरते.

शिक्षणाने काय होते ते नागराज मंजुळे यांच्याकडे पाहावे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले जेऊर हे त्यांचे गाव. पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. केल्यावर ते अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनशास्त्र शिकायला गेले. तिथे शिकताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) आले. कॉलेजाने त्यांना प्रतिभा दिली असे नव्हे. शिकता शिकता एक पुरी कलाकृती हातून घडली आणि तीच त्यांची ओळख झाली. या धंद्यात गुणपत्रिकेआधी 'काय केले आहेस ते दाखव' असे विचारतात.

मग शिकायचे कुठे? पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली केंद्र सरकारने सुरू केलेली फिल्म संस्था आहे. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. ती कोणत्याही विषयाची चालते. प्रवेश परीक्षेतून मिळतो आणि राखीव जागाही आहेत. बारावीनंतर नाटकाची पदवी घ्यायची तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. तळेगावहून लोकल धरली की शिवाजीनगर तासाभरावर. म्हणजे आंबीच्या मुलीला घरून जाऊन-येऊन शिकता येईल. लांबच्या विद्यार्थ्यांनी समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा. तिथे जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

खासगी संस्थाही पुष्कळ निघाल्या आहेत. काही चांगल्या आहेत, काहींच्या रंगीत माहितीपत्रकाखेरीज हाती काही लागत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी आईबापांनी स्वतः जाऊन चार प्रश्न विचारावेत. एक, पदवी देणाऱ्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का? दोन, आमची शिष्यवृत्ती इथे लागू आहे का? उत्तर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर कर्ज काढू नये. तीन, एका विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा आणि संकलनाचे यंत्र आठवड्यात किती तास येते? चार, मागच्या वर्षीच्या मुलांनी केलेले काम दाखवा. जिथे दाखवायला काम नाही, तिथून चहा पिऊन परत यावे.

मुलामुलींनाही एक सांगणे आहे. सगळ्यांनाच दिग्दर्शक व्हायचे असते. पण ध्वनी किंवा संकलन यांतले एक तरी काम हातात पक्के बसवा. सिनेमा मिळाला नाही तरी बातम्यांच्या वाहिन्या, जाहिराती, लग्नाचे चित्रण यांत ते काम मिळते आणि घरची चूल थांबत नाही.

आम्ही एवढे बोललो तेव्हा आईने विचारले, "पण मागं राबणाऱ्याचं नाव कुणाला कळतं?" आम्ही म्हणालो, "बाई, सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावे सरकतात, ती त्यांचीच. आणि कार्ल्याचे लेणे तर आपल्या मावळातच आहे. तिथे दान देणाऱ्यांच्या नावांबरोबर धेनुकाकटच्या एका सुताराचेही नाव कोरलेले आहे. त्याने दरवाजा घडवला होता. दोन हजार वर्षे होत आली, नाव अजून वाचता येते."

बाई काही बोलली नाही. बापाने मात्र लेकीला वहीचा कागद आणायला लावला आणि ते चार प्रश्न आमच्याकडून तिच्याच हाताने उतरवून घेतले. पुढच्या आठवड्यात बापलेक दोघे मिळून विचारायला जाणार आहेत. वाचकहो, आपल्या घरीही अशी लेक दाराशी उभी असेल तर तिला आधी आत बोलवा.