कंबर आणि मोळी

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून साखरपट्ट्याकडे गेलेली ऊसतोड कुटुंबे पाडव्याच्या आगेमागे परततात, तेव्हा अनेकांची कंबर धरलेली असते. नवराबायकोच्या जोडीला या व्यवसायात ‘एक कोयता’ म्हणतात. दिवसभर वाकून तोडणी आणि वर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे!

अशा कंबरेस पूर्वी सक्त विश्रांती, शेक आणि वजने लावून ताण, एवढेच सांगितले जाई. आपल्याकडे भौतिकोपचाराचे रीतसर शिक्षण १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते प्रामुख्याने पोलिओच्या निमित्ताने. लुळ्या पायाला कॅलिपर, स्नायूंची मोजदाद हे तेव्हाचे कौशल्य. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला; रुग्ण बदलले, विद्याही बदलली. मधल्या काळात यंत्रांचा फार बडेजाव झाला, असे माझे मत आहे.

आज साध्या कंबरदुखीत अंथरुणाला खिळून राहू नये, झेपेल तितके हिंडावे-फिरावे, हेच मान्य आहे. म्हणून जाणता उपचारक आधी विचारतो : मोळी केवढी बांधता? उचलताना गुडघे वाकतात की कंबर? उचल घेतलेल्या माणसाला ‘काम सोडा’ म्हणणे व्यर्थ; मोळी लहान बांधायला शिकवता येते.

मात्र पायातील शक्ती गेली, जांघेत बधिरता आली वा लघवीवरील ताबा सुटला, तर व्यायाम करीत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.