विटांचे रणगाडे

प्लॅस्टिकच्या विटा जोडून निरनिराळ्या काळांतील रणगाड्यांच्या प्रतिकृती उभारणे हा पोरखेळ नव्हे, असे आमचे मत आहे. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९५८ साली या विटेचे पेटंट मागितले. पण आधुनिक युद्धसामग्रीच्या हुबेहूब प्रतिकृती ती काढत नाही. पोलंडची कोबी काढते. लेगोचा संकोच समजण्याजोगा आहे. तरीही रचता रचता इतिहास कळतो, हे नाकारून कसे चालेल? १९१६ साली सोमच्या लढाईत उतरलेल्या ब्रिटिश ‘मार्क वन’चा आकार तिरप्या चौकोनासारखा, कारण त्याला खंदक ओलांडायचे होते. सोव्हिएत ‘टी-३४’चे चिलखत उतरते, कारण त्यावरून गोळा निसटावा. उतरत्या विटा बसवताना हे बोटांना उमगते.

विटांत येत नाही तो आतला माणूस. ‘मार्क वन’मध्ये आठ जण उघड्या इंजिनाशेजारी धुरात, उकाड्यात कोंडलेले असत. ‘टी-७२’मध्ये तोफ भरायला यंत्र आले, तेव्हा तिघे उरले. म्हणून प्रतिकृतीखाली सालाबरोबर माणसांची संख्याही लिहावी. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात याचे कारण सांगायला नकोच.