शिक्क्याची साक्ष

पोस्टाचीं जुनीं तिकिटें जमविणें हा पोरखेळ होय, असें म्हणणाऱ्यांशीं आमचें भांडण नाहीं. आमचें भांडण आहे तें हा छंद निष्ठेनें करूनही त्याचें मर्म पाण्यांत बुडविणाऱ्यांशीं; आणि हें बुडविणें अक्षरशः घडत असतें. लिफाफा कातरावयाचा, तुकडा वाटीभर पाण्यांत टाकावयाचा, सुटलेलें तिकीट वहींत डकवावयाचें, आणि किंमत ठरवावयाची ती त्यावर छापलेल्या आंकड्यावरून!

१९२३ सालच्या जर्मनीचा दाखला घेऊं. नोटा छापून खर्च भागविण्याची वाट तेथील सरकारनें महायुद्धापासूनच धरली होती. त्या वर्षीं फ्रेंच व बेल्जियन फौजांनीं रूर प्रांत व्यापला. तेथील कामकऱ्यांनीं असहकार पुकारला. त्यांना पोसण्यासाठीं नोटांचा पूर लोटला. जानेवारीच्या मध्यास परगांवच्या साध्या पत्रास ५० मार्क पडत. १ नोव्हेंबरला १० कोटी, ५ तारखेस १०० कोटी, १२ तारखेस १ हजार कोटी, २० तारखेस २ हजार कोटी, २६ तारखेस ८ हजार कोटी, आणि १ डिसेंबरला १० हजार कोटी! छापखान्यास दम निघेना. जुन्याच तिकिटांवर नवे आंकडे ठोकून वेळ मारून न्यावी लागली. सर्वांत मोठें तिकीट निघालें तें ५ हजार कोटी मार्कांचें.

असलें तिकीट आपल्या संग्रहीं आहे, व तेंही कोरें करकरीत, अशी फुशारकी मारणारे भेटतात. त्यांस वापरलेलें तिकीट उष्टें वाटतें. वस्तुतः चलन पालटतांच निकामी झालेल्या कोऱ्या तिकिटांचे ढीग शिल्लक उरले. उलट जीं थोडेच दिवस पत्रांवर चढलीं, त्यांपैकीं कित्येकांस आज कोऱ्याहून पुष्कळ अधिक मोल येतें. म्हणूनच स्वस्त कोऱ्या तिकिटांवर मागाहून खोटे शिक्के मारणारे लबाड निर्माण झाले, आणि ते शिक्के पारखणारे तज्ज्ञही.

यावर कोणी म्हणेल, ‘तज्ज्ञानें शिक्का खरा म्हटला कीं झालें, लिफाफा हवा कशाला?’ हा आक्षेप वरवरचा आहे. २६ ते ३० नोव्हेंबर या पांच दिवसांत तिकिटें छापील किंमतीच्या चौपटीनें विकलीं व मोजलीं जात. म्हणजे ८ हजार कोटींच्या पत्रावर २ हजार कोटींचें तिकीट पुरे होई. तेव्हां छापील आंकडा खोटा. खरी ती शिक्क्यावरची तारीख. परंतु एका तिकिटावर शिक्क्याचा बहुधा कोपराच येतो. पत्र कोठून कोठें गेलें, कोणत्या दिवशीं गेलें, त्यावर एकूण किती तिकिटें लागलीं, हें सारें लिफाफाच सांगतो. तो कातरणें म्हणजे साक्षीदाराची जीभ कापणें होय.

आणि ही साक्ष कोणाची? आपल्यासारख्याच पांढरपेशांची. युद्धापूर्वीं १० हजार मार्क गांठीस बांधून निश्चिंत झालेला एखादा शिक्षक वा पेन्शनर घ्या. डिसेंबरांत तशा एक कोटी माणसांच्या पुंज्या एकत्र केल्या असत्या, तर परगांवीं एक पत्र गेलें असतें! नोव्हेंबरांत आलेल्या नव्या एका रेंटेनमार्कास जुने १ लाख कोटी मार्क मोजावे लागत. ज्यांनीं काटकसर केली तेच बुडाले. कर्जदार मात्र तरले. इतिहासाचे ग्रंथ हें आंकड्यांनीं सांगतात. तो लिफाफा सांगतो कीं, अशा दिवसांतही कोणी तरी कोणास तरी पत्र लिहिलें, आणि तें पोंचविण्यासाठीं ही किंमत मोजली.

म्हणून पालकांस आमचें सांगणें आहे. मुलांस हा छंद अवश्य लावा. परंतु त्यांच्या हातीं कात्री व पाण्याची वाटी देण्यापूर्वीं लिफाफा वाचावयास शिकवा. जें मूल तारीख, गांव आणि दर हीं तीन ताडून पाहील, त्यास मोठ्या आंकड्यांची भुरळ पडणार नाहीं. तिकिटांच्या बाजारांत नाहीं, आणि पुढें नोटांच्या बाजारांतही नाहीं.